स्वारीच्या घोड्याची निवड : पैदास, खरेदी आणि सुटका

स्वारीसाठी घोडा मिळवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत : स्वतःच्या घोडीपासून शिंगरू पैदा करणे, तयार घोडा विकत घेणे आणि उपेक्षित, जखमी किंवा कामातून काढून टाकलेल्या घोड्याची सुटका करून त्याचा सांभाळ करणे. तिन्ही मार्गांनी अखेर घोडा तबेल्यात येतो; मात्र प्रत्येक मार्गात अनिश्चितता वेगळ्या ठिकाणी असते. खरेदीत घोड्याचे बरेचसे गुणदोष व्यवहारापूर्वी पाहता येतात. पैदाशीत ते चार-पाच वर्षांनी स्पष्ट होतात. सुटका केलेला घोडा स्वारीच्या उपयोगी पडेलच, असे गृहीत धरता येत नाही. घोडा सामान्यतः २५ ते ३० वर्षे जगतो आणि त्याची स्वारीयोग्य वर्षे त्याहून बरीच कमी असतात. त्यामुळे घोडा कोठून आणावा हा प्रश्न, त्याचा आयुष्यभर सांभाळ कोण व कसा करणार या प्रश्नाशी जोडलेला आहे.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

घोडे पैदा करावेत की विकत आणावेत, हा दख्खनमध्ये अनेक शतके राज्यकारभाराचा प्रश्न होता. बहमनी आणि विजयनगर या राज्यांचे घोडदळ मोठ्या प्रमाणावर अरबस्तान व इराणच्या आखातातून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांवर अवलंबून होते. चौल, दाभोळ आणि गोवा ही या व्यापाराची बंदरे होती. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या ताब्यात ठेवण्याचा प्रयत्न केला. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात आलेल्या मार्को पोलोने नोंदवले आहे की, येथे आणलेले घोडे चुकीच्या आहारामुळे व निगेअभावी लवकर मरत आणि उत्तम नर-मादीपासूनही खुजी, वाकड्या पायांची शिंगरे जन्मत. या वर्णनात अतिशयोक्ती असली, तरी चारा, हवामान आणि जाणकार माणसे यांच्यावाचून केवळ उत्तम रक्ताचा उपयोग होत नाही, हे त्यातून दिसते.

मराठ्यांच्या घोडदळात भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्यांना विशेष स्थान होते. आकाराने लहान, काटक आणि स्थानिक चाऱ्यावर तगणारा हा घोडा लांब पल्ल्याच्या हालचालींना उपयुक्त ठरला. याच घोडदळातील शिलेदार आणि बारगीर हा भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. घोड्याची जोखीमही मुख्यतः त्याच्याकडेच असे. बारगिराला सरकारी पागेतून घोडा मिळे आणि त्याच्या चंदी-चाऱ्याची व्यवस्था पागेकडून होई. घोड्यावर स्वार होणे आणि घोड्याचा मालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या व्यवस्थेत गृहीत धरलेले होते.

## मालकीची समान जबाबदारी

घोडा कोणत्याही मार्गाने आला, तरी त्याच्या दैनंदिन गरजा सारख्याच असतात. घोड्याला रोज शरीरवजनाच्या साधारण १.५ ते २ टक्के इतका कोरडा चारा लागतो; म्हणजे ४०० किलो वजनाच्या घोड्याला सुमारे ६ ते ८ किलो. पाण्याची गरज हवामान व श्रमांनुसार बदलते. ती सामान्यतः २० ते ४० लिटर असते आणि उन्हाळ्यात त्याहून वाढू शकते. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे एकाच वेळी भरपूर चंदी दिल्यास किंवा आहारात अचानक बदल केल्यास पोटशूळ उठून घोडा दगावू शकतो.

खुरांची छाटणी व नालबंदी दर सहा ते आठ आठवड्यांनी करावी लागते. वर्षातून किमान एकदा दातांची तपासणी, धनुर्वाताची लस, जंतनाशन, रोजचा खरारा आणि मोकळे फिरणे हेही आवश्यक असते. घोडा कळपात राहणारा प्राणी असल्याने एकट्याने बांधून ठेवलेल्या घोड्यात खुंटा चावणे, जागच्या जागी झुलणे अशा सवयी दिसू लागतात. कुशल नालबंद आणि घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. म्हणून घोडा ठरवण्याआधी या दोघांची उपलब्धता पाहणे इष्ट मानले जाते.

## खरेदी

### बाजार आणि स्रोत

महाराष्ट्रात घोड्यांचा सर्वांत प्रसिद्ध बाजार नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापी नदीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत भरतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथील बाजार हेही घोड्यांसाठी ओळखले जातात. राजस्थानातील पुष्करचा मेळा कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास भरतो. या बाजारांत मारवाडी व काठियावाडी घोड्यांना मोठी मागणी असते. आतल्या बाजूला वळलेली कानांची टोके हे या दोन्ही जातींचे ठळक लक्षण होय. बाजाराखेरीज पैदास केंद्रे, अश्वारोहण संस्था आणि खासगी मालक यांच्याकडूनही घोडे विकत मिळतात.

बाजारातील किंमत आणि स्वारीची उपयुक्तता यांचा मेळ बसतोच असे नाही. उंची, रंग, अंगावरील खुणा आणि नाचकामाचे शिक्षण यांवर मोठ्या किमती ठरतात. पांढरा नुकरा घोडा लग्नसमारंभांमुळे महाग असतो. चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा किंवा गळ्यावर देवमण हा भोवरा असलेला घोडा शुभ मानला जातो. काही भोवरे अशुभ समजले जातात. भोवऱ्याच्या जागेवरून घोडा मालकाला लाभेल की नाही हे ठरते, याला शास्त्रीय आधार नाही. मात्र अशुभ मानलेला भोवरा असलेला निरोगी घोडा याच समजुतीमुळे कमी किमतीत मिळू शकतो आणि पुढे विकताना त्याच कारणाने अडचणही येऊ शकते.

### वय व तपासणी

घोड्याचे वय समोरच्या दातांवरून अंदाजता येते. दुधाचे मधले दात सुमारे अडीच, त्यांच्या शेजारचे साडेतीन आणि कडेचे साडेचार वर्षांच्या सुमारास पडून कायमचे दात येतात. पाचव्या वर्षी घोड्याचे तोंड पूर्ण भरते. त्यानंतर दातांची झीज, आकार आणि कोन यांवरून अंदाज बांधावा लागतो आणि वय वाढते तसा तो कमी अचूक होत जातो.

खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या पशुवैद्याकडून करून घेणे उचित असते. डोळे, हृदय, श्वसन, दात, पाठ आणि खूर तपासल्यानंतर घोड्याला कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवून व दुडकीने पळवून लंगडेपणा पाहिला जातो. गरजेनुसार सांध्यांच्या क्ष-किरण प्रतिमा घेतल्या जातात. वेदनाशामक किंवा गुंगीचे औषध दिल्याने लंगडणारा घोडा काही काळ नीट चालतो आणि बुजरा घोडा शांत भासतो. रक्ततपासणीतून अशी औषधे ओळखता येतात. ही तपासणी त्या दिवसापुरती स्थिती सांगते. पुढील आयुष्याची हमी तिच्यातून मिळत नाही.

स्वभावाची पारख तपासणीइतकीच महत्त्वाची असते. घोड्याला पकडणे, खरारा करणे, खोगीर चढवणे, खूर उचलणे आणि वाहनात चढवणे या सर्व वेळी त्याचे वर्तन पाहावे लागते. प्रथम विक्रेत्याने स्वारी करून दाखवावी आणि त्यानंतरच ग्राहकाने चढावे, अशी पद्धत आहे. शक्य असल्यास वेगवेगळ्या दिवशी, पूर्वसूचना न देता घोडा पाहिल्यास अधिक खरे चित्र मिळते.

### स्वार आणि घोडा यांचा मेळ

स्वार व खोगीर यांचे एकत्रित वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ४०० किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा ८० किलो येते. लहान चणीच्या, अशक्त किंवा वृद्ध घोड्यासाठी ती आणखी कमी धरतात. नवशिक्या स्वारासाठी दहा ते पंधरा वर्षे वयाचा, वाहने, गर्दी आणि अनोळखी जागा पाहिलेला घोडा योग्य मानला जातो. अननुभवी स्वार आणि अर्धवट शिकवलेला तरुण घोडा ही जोडी दोघांनाही धोक्याची ठरते. खच्ची केलेले नर सामान्यतः हाताळण्यास सोपे असतात. भारतात मात्र नर घोडे खच्ची न करता ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे आणि अशा घोड्यांना अनुभवी हात लागतो.

## पैदास

### कालावधी

घोडीचा गर्भकाळ सुमारे ३४० दिवसांचा, म्हणजे साधारण अकरा महिन्यांचा असतो. शिंगरू चार ते सहा महिन्यांचे झाल्यावर आईपासून तोडले जाते. सांगाड्याची वाढ पुष्कळ काळ चालते. पाठीच्या मणक्यांतील वाढीची केंद्रे पाच-सहा वर्षांपर्यंत पूर्ण जुळत नाहीत. म्हणून साध्या स्वारीचे शिक्षण तिसऱ्या-चौथ्या वर्षी हलक्या प्रमाणात सुरू करतात. फळण्यापासून मोजल्यास पहिल्या स्वारीपर्यंत चार ते पाच वर्षे आणि विश्वासू घोडा तयार होईपर्यंत त्याहून अधिक वर्षे जातात. या काळात चारा, औषधपाणी आणि चाबुकस्वाराचा मेहनताना हा खर्च अखंड चालू राहतो. त्यामुळे घरचे शिंगरू फुकट पडते ही समजूत चुकीची असून बहुधा तयार घोडा विकत घेणेच स्वस्त ठरते.

### जोखीम

निरोगी शिंगरू जन्मानंतर साधारण एका तासात उभे राहते, दोन तासांत दूध पिऊ लागते आणि घोडीचा जार तीन तासांत पडतो. यात विलंब झाल्यास पशुवैद्याला तातडीने बोलवावे लागते. रोगप्रतिकारक द्रव्ये शिंगराला आईच्या चिकातून मिळतात आणि ती शोषण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर सुमारे एका दिवसात संपते. म्हणून पहिल्या काही तासांत चीक पोटात जाणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. शिंगरू आडवे आल्यास घोडी व शिंगरू दोन्ही गमावण्याचा धोका असतो. जुळी गर्भधारणा घोडीत क्वचितच सुखरूप पार पडते, म्हणून आरंभीच तपासणी करून एक गर्भ काढला जातो. घोडी दगावल्यास किंवा तिने शिंगराला जवळ न केल्यास त्याला रात्रंदिवस थोड्या-थोड्या वेळाने दूध पाजावे लागते.

### आनुवंशिकता

आई-वडिलांचे गुण शिंगरात जसेच्या तसे उतरत नाहीत. आवडत्या घोडीची आठवण म्हणून घेतलेले शिंगरू तिच्यासारखेच होईल, ही अपेक्षा अनेकदा फोल ठरते. लंगडेपणामुळे किंवा वाईट स्वभावामुळे स्वारीस निरुपयोगी झालेली घोडी पैदाशीला लावण्याची पद्धत विशेष धोक्याची आहे. दोषाचे कारण आनुवंशिक असल्यास तो पुढील पिढीत जाऊ शकतो. निवडीचा साधा नियम असा की, घोडी व नर दोघेही स्वतः स्वारीत सिद्ध झालेले, सुदृढ आणि शांत असावेत, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी.

### पैदाशीचे समर्थन

पैदाशीला सबळ कारणही असते. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झंस्कारी, स्पिती, भूतिया, कच्छी-सिंधी आणि भीमथडी या भारतीय जाती टिकायच्या असतील, तर जाणकारांनी त्यांची नियोजनपूर्वक पैदास करणे आवश्यक आहे. हिसार येथे १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या क्षेत्रात काम करते. कृत्रिम रेतनामुळे दूरच्या नराचा वापर शक्य होतो. २०२३ मध्ये या केंद्राच्या बिकानेर येथील शाखेत भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मले. शर्यतीच्या थरोब्रेड जातीत मात्र नोंदणीसाठी नैसर्गिक संयोगच मान्य आहे. जातीचे संवर्धन हा उद्देश असेल, तर वंशावळीची नोंद, जवळच्या नात्यातील संकर टाळणे आणि प्रत्येक शिंगरासाठी आधीच ठरलेले घर या गोष्टी आवश्यक ठरतात.

## सुटका आणि पुनर्वसन

### घोडे कोठून येतात

शर्यतीचे थरोब्रेड घोडे दोन वर्षांच्या वयापासून धावतात आणि त्यांतील अनेक जण आयुष्याचा मोठा भाग शिल्लक असतानाच शर्यतीतून बाद होतात. टांगा, वरात, पर्यटनस्थळांवरील फेऱ्या आणि वीटभट्ट्यांवरील ओझी वाहणे या कामांतून निरुपयोगी ठरलेले घोडे हा दुसरा मोठा गट होय. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हौसेच्या फेऱ्यांच्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, बेकायदेशीर ठरवून त्या बंद करण्याचा आदेश दिला. अशा वेळी चालकांच्या उपजीविकेबरोबर घोड्यांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न उभा राहतो.

शर्यतीतून आलेला थरोब्रेड तरुण असला, तरी त्याला धावण्याव्यतिरिक्त फारसे शिक्षण मिळालेले नसते. त्याच्या पायांतील जुन्या इजांची तपासणी, शर्यतीच्या खुराकातून हळूहळू साध्या आहारावर आणणे, काही महिन्यांची विश्रांती आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून शिक्षण, असा त्याचा क्रम असतो. अनुभवी स्वाराला असा घोडा उत्तम साथ देतो. नवशिक्याला तो झेपत नाही.

### आरोग्य

उपासमार झालेल्या घोड्याला दयेपोटी लगेच भरपूर चंदी घालणे घातक असते. दीर्घ उपासानंतर पिष्टमय आहार एकदम मिळाल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून काही दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पहिले काही दिवस लसूणघासासारखा चारा अल्प प्रमाणात, अनेक वेळा विभागून देतात आणि वैद्यकीय देखरेखीखाली तो वाढवतात. शरीर भरून येण्यास अनेक महिने लागतात. घोड्याची अंगकाठी मोजण्यासाठी १९८३ मध्ये मांडलेली हेनेके श्रेणी वापरतात. तिच्यात १ म्हणजे अस्थिपंजर आणि ९ म्हणजे अतिस्थूल.

नव्याने आलेला घोडा काही आठवडे इतरांपासून वेगळा ठेवणे आवश्यक असते. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. कायद्यानुसार या रोगाची सूचना शासनाला देणे बंधनकारक असून बाधित घोड्याला दयामरण दिले जाते. घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय जडलेला घोडा आयुष्यभर रोगवाहक राहतो. माश्यांमार्फत पसरणारा सरा हा रोगही भारतात आढळतो. या रोगांच्या रक्तचाचण्या झाल्याखेरीज सुटका केलेला घोडा कळपात सोडणे म्हणजे एका घोड्यासाठी अनेकांना धोक्यात घालणे होय.

### कायदा आणि व्यवहार

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० यानुसार आजारी, जखमी किंवा अशक्त जनावराकडून काम करून घेणे हा गुन्हा आहे. छळ होत असलेला घोडा परस्पर ताब्यात घेता येत नाही. पोलीस, पशुसंवर्धन विभाग किंवा मान्यताप्राप्त प्राणिकल्याण संस्थेमार्फतच कारवाई करावी लागते. जप्त जनावर खटला चालू असताना पांजरपोळ किंवा तत्सम संस्थेकडे ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे.

दयेपोटी केलेली खरेदी ही या क्षेत्रातील एक गुंतागुंतीची बाब आहे. निर्दयी मालकाकडून घोडा पैसे देऊन सोडवल्यास त्या घोड्याचे दुःख संपते. पण त्याच पैशांतून तो मालक दुसरा घोडा आणू शकतो. याउलट, खरेदी नाकारल्यास समोरचा घोडा त्याच स्थितीत राहतो. या पेचाचे प्रसिद्ध उदाहरण इजिप्तमधील आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने कैरोत विकून टाकलेले घोडे तेथे ओझी ओढत असल्याचे डोरोथी ब्रुक यांना आढळले. त्यांनी १९३१ मध्ये वृत्तपत्रातून मदतीचे आवाहन केले आणि जमलेल्या निधीतून सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके वृद्ध व जर्जर होते की, त्यांना वेदनारहित मरण देणे हीच त्यांची सुटका ठरली. १९३४ मध्ये त्यांनी कैरोत काम करणाऱ्या जनावरांसाठी मोफत रुग्णालय सुरू केले. मालकांना दोष देण्याऐवजी त्यांच्या जनावरांवर उपचार करण्याची ही दिशा पुढे अनेक संस्थांनी स्वीकारली.

## निर्णयाचे निकष

कमी वेळात, ठरावीक कामासाठी आणि स्वतःच्या कौशल्याला साजेसा घोडा हवा असल्यास खरेदी हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. पैदास हा मार्ग ज्यांच्याकडे सिद्ध गुणांची घोडी, जागा, अनुभव आणि निदान पाच वर्षे थांबण्याची तयारी आहे त्यांच्यासाठी आहे. शिंगरू सदोष किंवा स्वारीस नालायक निघाले तरी ते सांभाळावे लागेल, हे येथे आधीच मान्य करावे लागते. घोड्यावर कधीच बसता आले नाही तरी चालेल, असे ज्याला प्रामाणिकपणे म्हणता येते, त्याच्यासाठी सुटका हा मार्ग आहे. स्वारीची अपेक्षा मनात ठेवून घेतलेला आजारी घोडा अपेक्षाभंगानंतर पुन्हा विकला गेल्यास त्याची सुटका अर्धवटच राहते.

या तिघांखेरीज चौथा पर्यायही आहे. अश्वारोहण संस्थेत शिकणे, तेथील घोडा ठरावीक काळासाठी भाड्याने घेणे किंवा दुसऱ्याच्या घोड्याच्या देखभालीत वाटा उचलून स्वारी करणे ही एका अर्थी बारगिराची पद्धत होय. रोजचे कष्ट आणि खर्च यांचा अनुभव मालकी पत्करण्यापूर्वी घेता येत असल्याने नवशिक्यांना प्रथम हाच पर्याय सुचवला जातो.

## आयुष्याचा उत्तरार्ध

वीस वर्षांच्या पुढे गेलेल्या घोड्याचे दात झिजतात, सांधे धरतात आणि त्याला मऊ, भिजवलेला आहार लागतो. काम थांबले तरी खर्च थांबत नाही. स्वारीस निरुपयोगी झालेला घोडा वारंवार विकला जाण्याचा आणि दर विक्रीगणिक अधिक हलाखीत जाण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. सुटकेची गरज असलेले अनेक घोडे याच वाटेने येतात. म्हणून घोडा आणतानाच त्याच्या निवृत्तीची जागा, त्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम, मालक आजारी पडल्यास किंवा मरण पावल्यास पुढील व्यवस्था आणि असाध्य वेदनेच्या प्रसंगी पशुवैद्याच्या सल्ल्याने दयामरणाचा निर्णय कोणी घ्यायचा, या गोष्टी ठरवून ठेवाव्यात, असे अश्वकल्याणाच्या क्षेत्रात सांगितले जाते.